धाकटीला सोडून देताना: उजनीच्या पाण्यावरचा एक निर्णय

पार्श्वभूमी

सोलापुरात शिडाच्या होडीचं वेड लागणं ही तशी गमतीचीच गोष्ट. समुद्र दिवसभराच्या वाटेवर, आणि घरचं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव, फार तर उजनी. तरीही इथे सहा जणांचा एक गट तयार झाला. सुरुवात नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांच्यापासून झाली. 2009-10 मध्ये त्यांनी ‘म्हादेई’ या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या वाटेवरचा दक्षिण महासागर, केप हॉर्न यांबद्दल वाचता वाचता गट आणखी दक्षिणेला, अंटार्क्टिकापर्यंत पोचला आणि ब्रिटिश शोधक अर्नेस्ट शॅकल्टनपाशी येऊन थांबला. दर रविवारी बैठक, त्यात कोणीतरी एक प्रकरण सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, असा शिरस्ता पडला.

शॅकल्टनची हकिगत थोडक्यात अशी. ‘एन्ड्युरन्स’ जहाज जानेवारी 1915 मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं. ऑक्टोबरअखेर ते सोडून द्यावं लागलं आणि 21 नोव्हेंबरला बुडालं. अठ्ठावीस माणसं बर्फावर राहिली, एप्रिल 1916 मध्ये तीन लहान होड्यांतून एलिफंट बेटावर पोचली. तिथून शॅकल्टन पाच जणांना घेऊन ‘जेम्स केर्ड’ या साडेबावीस फुटी होडीतून निघाला आणि सुमारे तेराशे किलोमीटरवरचं साउथ जॉर्जिया बेट त्याने गाठलं. 30 ऑगस्टला चिलीच्या ‘येल्चो’ जहाजाने एलिफंट बेटावरच्या उरलेल्या बावीस जणांना उचललं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जिवंत परतले. मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राकडून आत शिरली होती. तिच्यातले तिघे मेले, पण ते सहसा कोणी सांगत नाही.

ही हकिगत या गटाच्या अंगात भिनली होती. उजनीवर त्या दिवशी तिचा उपयोगही झाला आणि तिने अडचणीतही टाकलं, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. गटाचा मी सभासद नाही. त्यांच्या आढावा बैठकीला बसलो होतो आणि सहाही जणांशी वेगवेगळं बोललो. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील काढून टाकले आहेत.

माणसं आणि होड्या

गटाचे प्रमुख निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. होड्या बांधल्या त्या मिस्त्रींनी. ते यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होते; हात सोन्याचा, जीभ तिखट. डॉक्टर मॅडम, बँकेतले एक गृहस्थ, आणि कॉलेजातली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, असे बाकीचे चौघे. पोहणं सगळ्यांना येत होतं, आणि लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही हा नियम पहिल्यापासून कडक होता.

दोन होड्या होत्या. अठरा फुटी ‘थोरली’ आणि बारा फुटी ‘धाकटी’. प्लायवूडवर फायबर चढवलेलं, शिडं ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेली. थोरलीच्या पुढच्या भागावर मिस्त्रींनी ताडपत्रीचं घट्ट झाकण बसवलं होतं. सरांना ते जास्तीचं वजन वाटत होतं. दोघांत त्यावरून आठवडाभर धुसफूस चालली. झाकण राहिलं, कारण मिस्त्रींनी ते काढायला साफ नकार दिला.

मिस्त्रींना कुठल्या होडीत बसवायचं हा सरांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. शॅकल्टनने ‘जेम्स केर्ड’मध्ये सुतार मॅकनिश आणि खलाशी व्हिन्सेंट यांना घेतलं, त्यामागे एक कारण असंही मानलं जातं की कुरबुर करणारी माणसं मागे बेटावर राहिली असती तर तिथला धीर खचला असता. सरांनीही मिस्त्रींना आपल्या थोरलीत घेतलं. सोबत डॉक्टर मॅडम आणि मुलगा. धाकटीत बँकवाले आणि मुलगी. ही मुलगी गटातली सगळ्यात चांगली शीड हाकणारी आहे, हे मिस्त्रीसुद्धा कबूल करतात.

अडचण

एप्रिलचा शेवटचा आठवडा. माढा तालुक्याच्या काठावरून निघून करमाळ्याच्या बाजूच्या एका गावी मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत, असा बेत. सकाळी सातला निघून अकरापर्यंत पोचायचं होतं.

उन्हाळ्यात उजनीवर वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. धरणाकडून वरच्या अंगाला जायचं म्हणजे तो तोंडावर येतो, आणि शिडाची होडी नागमोडी काढावी लागते. सोलापूरकडचा काठ तेव्हा वाऱ्याखाली येतो. होडी हातातून सुटली की वारा तिला याच काठावर आणून आपटणार. पाणी उतरलेलं असतं, बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि जुन्या बांधांचे दगड पाण्याच्या जेमतेम खाली असतात. दुपारनंतर वळवाचं आभाळ येतं. पाऊस पुढची गोष्ट; त्याच्या आधी वाऱ्याचा जो लोट येतो तो माणसं मारतो. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. गटातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

तरीही निघायला अकरा वाजले. टेम्पो उशिरा आला, नारळ फोडायचा राहिला होता, कोणाचे तरी पाहुणे बघायला आले होते. काठावरच्या एका मच्छीमाराने सरळ सांगितलं, “आज नका जाऊ ओ सर, दुपारी आभाळ येतंय बघा.” हवामान खात्याचा इशाराही दुपारनंतर विजांसह पावसाचा होता. सरांचा हिशेब असा की तीनपर्यंत पोचू, आभाळ चारनंतर येईल.

पहिला निर्णयबिंदू हाच होता, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. गंमत म्हणजे त्याचा धडा शॅकल्टनच्याच गोष्टीत होता. नोव्हेंबर 1914 मध्ये साउथ जॉर्जियातल्या देवमाशांच्या शिकाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं की यंदा बर्फ फार उत्तरेपर्यंत आलंय. तो महिनाभर थांबला आणि 5 डिसेंबरला निघालाच. पुढे त्याने माणसं वाचवली याचं कौतुक करताना त्यांना तिथे नेलंही त्यानेच, हे गटाच्या रविवारच्या बैठकांत कधी आलंच नव्हतं. सरांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की वाचताना ते पान घाईने उलटलं होतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी, अर्ध्याहून जास्त वाट झाल्यावर, धाकटीच्या सुकाणूची खालची बिजागरी तुटली. सुकाणू लोंबकळायला लागलं. मुलीने शीड उतरवलं आणि शिट्टी वाजवली. थोरली जवळ आली. त्याच वेळी पश्चिमेला इंदापूरच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालेलं डॉक्टर मॅडमना दिसलं. त्यांच्या फोनमधल्या ‘दामिनी’ ॲपने विजेचा इशारा दिला, आणि लगेच रेंज गेली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मिस्त्रींचा: इथेच दुरुस्ती करायची. त्यांच्याकडे बोल्ट होते, पाने होते. “धा मिनिटाचं काम हाय,” असं त्यांचं म्हणणं. शांत पाण्यात ते खरंही ठरलं असतं.

दुसरा, धाकटीला थोरलीच्या मागे दोराने बांधून मुक्कामाच्या गावाकडे जायचं. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, ओझं ओढत. हा पर्याय कोणी फार वेळ धरून ठेवला नाही.

तिसरा, थोरलीने पुढे जाऊन मोटारबोट आणायची, धाकटीने नांगर टाकून थांबायचं. बँकवाल्यांनी तो स्वतःहून सुचवला, थोड्या शौर्याच्या भरात. यावर मुलाने लगेच अमुंडसेनचं नाव घेतलं. सप्टेंबर 1911 मध्ये नॉर्वेचा हा शोधक घाई करून दक्षिण ध्रुवाकडे निघाला. थंडी उणे 50 अंशांच्या खाली गेल्यावर त्याला मागे फिरावं लागलं. परतीच्या शेवटच्या टप्प्यात त्याची कुत्र्यांची घसरगाडी पुढे निघून गेली, मागचे मागेच राहिले. त्यांच्यातला प्रेस्ट्रुड थंडीने मरायला टेकला होता, त्याला सोबतच्या योहान्सनने तळावर आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर अमुंडसेनला सुनावलं. अमुंडसेनने योहान्सनला ध्रुवाच्या तुकडीतून वगळलं, पण पुढच्या खेपेला तो नीट हंगामात निघाला आणि माणसं एकत्र ठेवली. ही गोष्ट दोनच रविवारांपूर्वी झाली होती. तिसरा पर्याय तिथेच संपला.

चौथा: वाऱ्याला पाठ देऊन मागे वळायचं आणि दीड-एक किलोमीटरवर पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या सोंडेच्या आड जायचं. तिच्या पलीकडच्या बाजूला पाणी शांत राहणार होतं. धोका टोकाला वळसा घालताना, कारण तिथे बुंधे होते. या पर्यायात मुक्काम, बेत, सगळंच सोडायचं होतं.

सरांनी चौथा निवडला. निवडताना त्यांच्या मनात 1909 चा शॅकल्टन होता. तेव्हा दक्षिण ध्रुव जेमतेम 180 किलोमीटरवर असताना, 88 अंश 23 मिनिटांवरून तो मागे वळला होता, कारण पुढे गेलं तर परतीचं अन्न पुरणार नव्हतं.

पण निवडायला वीस मिनिटं गेली. त्यातली बहुतेक मिस्त्रींशी वाद घालण्यात.

काय केलं

सरांनी पहिल्यांदा धाकटीला दोर लावायला सांगितलं, आणि आतले दोघे आतच ठेवले. हे मला समजून घ्यायचं होतं, कारण थोरलीत सहा जणांची जागा होती. सर म्हणाले, एलिफंट बेटाकडे जाताना शॅकल्टनने ‘स्टॅनकोम विल्स’ ही सगळ्यात कमकुवत होडी ‘केर्ड’च्या मागे बांधली होती, रात्रभर तिचा दोर त्याच्या नजरेखाली होता. ते चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

इथे प्रेरणेने दगा दिला. शॅकल्टनने ती होडी ओढली कारण तिच्यातल्या माणसांना दुसरीकडे घ्यायला जागा नव्हती, आणि होडी गेली असती तर पुढच्या प्रवासाचा आधारच गेला असता. उजनीवर यातलं एकही कारण नव्हतं. सरांनी कृती उचलली, तिच्यामागचं कारण तिथेच राहिलं.

वाऱ्याला पाठ देऊन निघाल्यावर पाच मिनिटांत गोंधळ सुरू झाला. सुकाणू नसलेली धाकटी लाटेवरून घसरत थोरलीच्या बुडाशी यायची, दोर सैल पडायचा, मग हिसका बसून तिचं नाक पाण्यात जायचं. उथळ तलावाची लाट बुटकी पण उभी असते, दोन लाटांत अंतर कमी, त्यामुळे हिसके थांबेनात. मुलगी ओरडली, “सर, दोर सोडा! पाणी आत यायलंय!”

सरांनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि बेत बदलला. आढाव्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या की त्या दिवसातला सरांचा सगळ्यात चांगला क्षण हाच. दोर आखूड केला, मिस्त्रींनी दोन्ही होड्यांच्या कडा हातांनी धरून ठेवल्या, आधी बँकवाले आणि मग मुलगी थोरलीत आले. धाकटीचं काय करायचं हा प्रश्न उरला. रिकामी धाकटी दोराने ओढायचं ओझं थोरलीला एक वेळ चालेल, असं मिस्त्री पुटपुटले. सर म्हणाले, “मिस्त्री, होडी तुम्ही परत बांधाल.” यावर मिस्त्रींनी काही उत्तर दिलं नाही. धाकटीचा नांगर त्यांनी स्वतः टाकला, होता नव्हता तेवढा दोर सोडला, आणि गाठ मारली.

मग थोरलीचं मोठं शीड पूर्ण उतरवून फक्त पुढचं लहान शीड ठेवलं. सोंडेचं टोक आलं तेव्हा मागे धुळीची भिंत पाण्यावर आली होती. मुलगा होडीच्या नाकावर पालथा पडून बुंधे दाखवत होता, सर सुकाणूवर, मुलगी शिडाच्या दोरावर. टोकाला वळसा घालताना दोन लाटा पुढून अंगावर आल्या. त्या ताडपत्रीच्या झाकणावरून वाहून गेल्या. सहा माणसांच्या ओझ्याने होडी आधीच खोल बसली होती. झाकण नसतं तर ते पाणी पोटात शिरलं असतं. मॅकनिशनेही ‘जेम्स केर्ड’च्या कडा उंच करून वर घसरगाड्यांच्या पट्ट्या, पेट्यांच्या फळ्या आणि कॅनव्हास ठोकलं होतं. ते नसतं तर ती होडी पहिल्याच वादळात भरली असती.

आडोशाला पोचून डोलकाठी आडवी केली, कारण उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच तीच, आणि वीज तिथेच उतरणार. सगळे चिखल तुडवत काठावर गेले. पुढच्या काही मिनिटांत वारा आला, मागोमाग गारा.

मच्छीमारांच्या एका खोपीत आसरा मिळाला. बँकवाल्यांना हुडहुडी भरली होती, पण ते कबूल करत नव्हते. सरांनी सगळ्यांसाठीच गोड चहा करायला लावला, दोनदा. ‘एन्ड्युरन्स’चा कप्तान वर्स्ली याने लिहून ठेवलंय की होडीत एखादा जास्त गारठलाय असं दिसलं की शॅकल्टन सगळ्यांनाच गरम दूध द्यायला सांगायचा, म्हणजे त्या माणसाला स्वतःबद्दल धास्ती वाटू नये. हा एक धडा सरांनी कारणासकट उचलला होता. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात कोरडी राहिली होती, तिच्यावर रात्र निघाली.

निष्पत्ती

सहाही जण सुखरूप. कोणाला मोठी इजा नाही. धाकटी तिसऱ्या दिवशी सापडली: नांगर ओढला गेला होता, बुंध्यावर बसून तळाला भोक पडलं होतं, शीड फाटलं होतं. दुरुस्त होण्याच्या पलीकडे.

काठावर मात्र वेगळाच गोंधळ झाला. मुक्कामाच्या गावी जीप घेऊन एक ड्रायव्हर थांबला होता. किती वाजेपर्यंत थांबायचं आणि मग कोणाला फोन करायचा, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. अंधार पडल्यावर घाबरून त्याने सहाही घरी फोन केले. खोपीतल्या मच्छीमाराने टेकाडावर चढून रेंज मिळवून निरोप दिला तोवर घरच्यांनी पोलीस ठाणं गाठलं होतं.

बँकवाल्यांनी नंतर गट सोडला. घरच्यांचा विरोध हे कारण त्यांनी दिलं, ते खोटं नसावं. मुलाच्या वडिलांनी त्याला पुढचा हंगाम पाण्यावर जायची बंदी केली.

वेगळं काय करता आलं असतं

सकाळचा उशीर हा मुळातला प्रश्न. सातला निघायचा बेत अकराला निघताना तोच राहत नाही. तो नवा बेत असतो आणि त्याचा निर्णय नव्याने घ्यायला हवा. इथे कोणी “आता जायचं का?” असं विचारलंच नाही, सगळे “चला लवकर” म्हणत राहिले. आता गटाने एप्रिल-मेसाठी घड्याळ लावून घेतलंय: आठपर्यंत होडी पाण्यात नसेल तर तो दिवस हिप्परग्यावर सरावाचा.

दुसरं, होडी सोडायची वेळ आली तर सोडायची, हे काठावरच ठरायला हवं होतं. ज्याने ती महिनोन्महिने खपून बांधली त्याच्याशी पाण्यावर, आभाळ डोक्यावर असताना, तो वाद घालणं म्हणजे लग्नाच्या मांडवात हुंड्यावर बोलणी करण्यासारखं. वीस मिनिटं तिथे गेली, आणि सोंडेचं टोक त्यांनी जेमतेम काही मिनिटांच्या फरकाने गाठलं.

तिसरं, सर पाण्यात पडले असते तर पुढचा निर्णय कोणी घ्यायचा? याचं उत्तर सहा जणांकडे सहा वेगवेगळं होतं. शॅकल्टनने एलिफंट बेट सोडताना मागच्यांची सूत्रं चिठ्ठी लिहून आपल्या खालोखालच्या फ्रँक वाइल्डकडे दिली होती आणि सांगून ठेवलं होतं की आपण परतलो नाही तर त्याने डिसेप्शन बेटाकडे जायचा प्रयत्न करावा. जीपच्या ड्रायव्हरलाही एवढीच एक चिठ्ठी पुरली असती. आता ती लिहिली जाते, आणि गटाची दुसरी प्रमुख ती मुलगी आहे.

मॅकनिशचा विषय सरांनी स्वतः काढला. बर्फावर असताना मॅकनिशने एकदा हुकूम मानायला नकार दिला होता. त्याच्या सुतारकामावर सहा जीव तरले, तरी शॅकल्टनने ध्रुवीय पदकासाठी त्याची शिफारस केली नाही. ही शॅकल्टनची कोती बाजू. सरांनी आढाव्याच्या सुरुवातीलाच झाकणाबद्दल मिस्त्रींचे आभार मानले, आणि वीस मिनिटांच्या वादाचा हिशेबही त्याच बैठकीत, त्यांच्या तोंडावर मांडला. मिस्त्रींनी दोन्ही ऐकून घेतलं. पुढच्या होडीत सुकाणूची बिजागरी पितळेची असेल आणि एक जास्तीची सोबत असेल, एवढंच ते बोलले.

आढाव्यातला एक ठराव मात्र मला पटलेला नाही. ‘पाण्यावर चर्चा नाही, प्रमुखाचा शब्द अंतिम’ असं त्यांनी लिहून घेतलंय. वीस मिनिटांच्या वादाचं हे औषध म्हणून ठीक दिसतं. पण दोराचा धोका सरांना दिसला नव्हता, तो धाकटीतल्या मुलीला दिसला. ती गप्प बसली असती तर? ‘जेम्स केर्ड’मध्येही दिशा शॅकल्टन काढत नव्हता. ढगाळ आभाळात मोजक्याच वेळा सूर्य दिसला तेव्हा सेक्स्टंटवर, म्हणजे सूर्याची उंची मोजायच्या यंत्रावर, वर्स्ली होता, आणि त्याच्या आकड्यावर शॅकल्टनने सहा जीव सोपवले. मी बैठकीत सुचवलं की धोका दिसला तर कोणीही एक ठरलेला शब्द ओरडावा आणि त्यावर प्रमुखाने आधी थांबावं, मग ठरवावं. डॉक्टर मॅडम आणि मुलगी याच्या बाजूने आहेत. मिस्त्रींना वाटतं की असा शब्द दिला तर बँकवाल्यांसारखा माणूस दर लाटेला तो ओरडेल. सरांनी अजून हो-नाही केलेलं नाही. दिवाळीनंतर उजनी भरलेली असताना पहिली फेरी आहे, त्याआधी हा ठराव पुन्हा बैठकीत येणार आहे.